मालक हजर हवा

४ मार्च, मंगळवार

महिनाअखेरीला गाडीची नोंदणी संपते. विमाही त्याच दिवशी. विम्याशिवाय पासिंग नाही आणि पासिंगशिवाय विमा नाही! ज्याने हे ठरवलं त्याला माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, दातांच्या डब्यांसोबत बसवून एकदा अख्ख्या गावातून फिरवायला हवं.

गाडी जुनी आहे. डावा दरवाजा आतून उघडत नाही. वायपर मनात येईल तिथे थांबतो. पण चालते — रोज चालते. सकाळी दवाखान्यांतून दातांची मापं उचलायची, लॅबमध्ये आणायची, मग प्लास्टर, मेण, घासपूस, आणि दुपारनंतर तयार कवळ्या घेऊन पुन्हा तीच फेरी. बाबांनी हेच केलं, ते गेल्यावर मी करते. गाडी थांबली तर कुणाकुणाचे आजोबा आणखी आठवडाभर हिरड्यांनी चावत बसतील, आणि डॉक्टर दुसरी लॅब शोधतील.

विमा एजंटला फोन केला. मी त्याला मनातल्या मनात मधाळ म्हणते. 'ताई, काळजीच करू नका,' म्हणाला. तो असं म्हणाला की काळजी सुरू करायची, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय.

५ मार्च, बुधवार

सगळं लक्ष गाडीच्या कागदांत. मेण जास्त तापलं, एका कवळीचे पुढचे दात वाकडे बसले. पुन्हा करावी लागणार.

६ मार्च, गुरुवार

गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टर असे गप्प झाले की पेशंटचा जीव अर्धा होतो. मी एकदा या बाजूने डोकावले, एकदा त्या बाजूने. शेवटी म्हणाले, 'ताई, तुम्ही बसा तरी, नाहीतर जा तरी. कुणी डोक्यावर उभं राहिलं की माझ्या हातून पाना निसटतो.'

मग बसले. टायरवर. दोन मिनिटांत परत उठले.

इंजिन ठणठणीत आहे म्हणतात. ब्रेक बदलायचे, पुढचा एक दिवा, धुराचं काहीतरी आणि तो दरवाजा. तपासणीत पास होईल, त्यांची हमी. 'मालकांना सांगा, गाडी चांगली ठेवलीय.' ते इथे नवीन आहेत. त्यांना वाटतं मालक म्हणजे माझा नवरा असेल. मी मान डोलावली.

८ मार्च, शनिवार

मधाळ स्वतःच लॅबमध्ये आला. माझ्या टेबलावर ओळीने साचे वाळत होते, त्यांच्याकडे बघून नेहमीसारखा आपले दात जिभेने चाचपत बसला. सगळेच तसं करतात.

त्याचं म्हणणं असं — एवढी जुनी गाडी रोज चालवायची म्हटलं की कंपनी नाक मुरडते. पण हौसेने जपून ठेवलेली जुनी गाडी असेल तर विमा चुटकीसरशी. 'फक्त लिहून द्यायचं, ताई, की रोज वापरत नाही. रविवारी एखादा फेरफटका, एवढंच.'

'आणि मंगळवारी कुणाला धडकले तर?'

'तर तो रविवार होता म्हणायचं.' आणि हसला.

मी त्याला बाहेर नेऊन मागची सीट दाखवली. डब्यांचे थर, प्लास्टरची पांढरी धूळ, सांडलेलं मेण. ही म्हणे शोभेची गाडी! उद्या खरंच कुणी चाकाखाली आलं तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगू, रविवार होता म्हणून? नाही म्हटलं. साफ नाही.

'बरं, रोजच्या वापराचाच करू,' तो म्हणाला, 'पण मग मालकाची सही लागेल. समोर. यंदापासून नियम कडक झालाय.' आजवर कागद तोच न्यायचा आणि सहीचं तोच काय ते बघायचा. मी कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी सांगितलं नव्हतं.

गाडी दादाच्या नावावर आहे.

९ मार्च, रविवार

काल वाक्य तिथेच सोडून उठले. आज लिहिते.

दादा माझा मोठा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला. पळून नाही, भांडून नाही — म्हणजे भांडण रोजचंच होतं, त्या दिवशी विशेष काही नव्हतं. बाबांना वाटायचं त्याने लॅबमध्ये बसावं. 'मला आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघत बसायचं नाही,' असं तो म्हणायचा. त्याने आपल्या कमाईची एकच वस्तू घेतली होती, ती ही गाडी. तेव्हाही ती कुणाची तरी वापरलेलीच होती. जाताना ती ठेवून गेला. पहिल्या वर्षी फोन यायचे, वेगवेगळ्या गावांहून. मग एक दिवस यायचे थांबले.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी त्याच्या नंबरवर मेसेज टाकला. उत्तर नाही. त्या दिवसापासून मी तो नंबर लावला नाही. मला त्याचा राग येतो. राग आला की आठवण येते, आणि आठवण आली की जास्त राग येतो.

आई त्याच्याबद्दल बोलते तेव्हा वर्तमानकाळात बोलते. 'त्याला कारली आवडत नाहीत.' 'त्याला उशिरा उठायची सवय आहे.'

१० मार्च, सोमवार

नोंदणी कचेरीत गेले. तीन खिडक्या, उघडी एकच. तिथल्या बाईंनी माझ्याकडे न बघता कागद उलटे केले, सुलटे केले. 'मालक हजर हवा.'

म्हटलं, मालक बाहेरगावी आहे. 'मग आल्यावर या.' म्हटलं, कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. 'वारले आहेत का? तसा दाखला असेल तर सोपं आहे. वारसांच्या नावावर करून देऊ.'

'वारलेला नाही.'

हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की मागच्या रांगेतला माणूस एक पाऊल मागे सरकला.

मग विचारलं, विकली तर? मालकाची सही. भंगारात दिली तर? तिथेही मालकाची सही. बरं, काहीच केलं नाही, घरासमोर नुसती उभी ठेवली तर? 'नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर उभी दिसली की उचलून नेतात.' धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! बाईंचा दोष नाही. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं.

११ मार्च, मंगळवार

आईने विचारलं, 'गाडीचं झालं का?' म्हटलं, होतंय. कणीक मळताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे तिला काहीतरी कळलंय.

१३ मार्च, गुरुवार

मिस्त्रींनी गाडी तयार करून दिली. दरवाजा आतून उघडतो! वायपर सरळ जातात आणि सरळ येतात. उगाचच गावाबाहेरपर्यंत जाऊन आले. इतकी वर्षं ती खडखडायची ते आता नाही, तर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. गाडी धडधाकट, चालवणारी धडधाकट, घोडं अडलं कुठे तर एका सहीवर.

१४ मार्च, शुक्रवार

परत खिडकीवर. आज बाईंनी ओळखलं. 'काही मार्ग नाही का?' विचारल्यावर जरा विचार करून म्हणाल्या, 'मालक येऊ शकत नसेल तर एक सोय आहे. तुम्ही हस्तांतरणाचा अर्ज टाका. मालकाच्या नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जातो. त्यांनी तुम्हाला सांगितला, तुम्ही टाकला, की गाडी तुमच्या नावावर. सही नको, हजर राहायला नको.'

म्हटलं, तो नंबर केव्हाच बंद झाला असेल. नऊ वर्षांत कुणा तिसऱ्यालाच दिला असेल. 'बघू तर,' म्हणून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. नंबर चालू आहे, म्हणाल्या. अजून त्याच नावावर आहे. बंद पडला असता तर लाल अक्षरं आली असती.

मी तिथेच, रांगेतल्या लोकांच्या धक्क्यात उभी राहून, चार वर्षांनी दादाचा नंबर लावला. आपण डायल केलेला फोन सध्या बंद आहे.

पण नंबर चालू आहे. बिल भरल्याशिवाय नंबर चालू राहत नाही. मग भरतं कोण? तो? घरी येईपर्यंत दोनदा चुकीच्या गल्लीत वळले.

आईला दारातच विचारलं. ती चपला घालत होती, कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेली.

'मी भरते,' म्हणाली. 'दर महिन्याला. नंबर गेला तर त्याने घरच्यांना शोधायचं कसं? आपला नंबर त्याला पाठ थोडाच आहे? त्याच्या फोनमध्येच असणार.'

'आई, तो फोन बंद आहे.'

'माहितीये. दर रविवारी लावते की. ती बाई सांगते, बंद आहे. पण सांगते ना? दुसऱ्याला दिला असता तर दुसऱ्याने उचलला असता.'

आणि दुकानात गेली. मी जिना चढून वर लॅबमध्ये आले, खाली उतरले, पुन्हा वर आले. मला हसू येत होतं की रडू, ते ठरत नव्हतं. दर महिन्याला! आणि मला पत्ताच नाही.

१५ मार्च, शनिवार

ओटीपीचं ते बटण घरून, मोबाईलवरूनही दाबता येतं. बाईंनी दाखवलं होतं. दाबलं की त्याच्या नंबरवर मेसेज जातो — अमुक गाडी अमुक व्यक्तीच्या नावावर करायची विनंती आहे, आणि खाली माझं नाव. कोड दहा मिनिटं चालतो. मग मरतो.

दाबलं. दहा मिनिटं फोनकडे बघत बसले. मग आणखी दहा.

१७ मार्च, सोमवार

मधाळने तोडगा आणला. त्याच्या ओळखीचा वकील आहे. सात वर्षांहून जास्त काळ ज्याची काहीच खबर नाही, तो माणूस मृत समजला जावा असा अर्ज करता येतो. अर्ज दाखल झाला की त्याच्या जोरावर गाडीला तात्पुरती परवानगी, तात्पुरता विमा, आणि पुढे सावकाश वारसांच्या नावावर. 'अर्ज मात्र आईंचा हवा,' म्हणाला, 'जवळच्या नात्यात त्याच पहिल्या.'

त्याने मसुदाच आणला होता. त्यात दादाचं पूर्ण नाव, पुढे आईचं नाव आणि मधे ते वाक्य. मी एकदा वाचलं. मग दातांच्या शेड दाखवायच्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या खणात मसुदा घातला आणि खण लावून घेतला. मधाळ आज एकदाही हसला नाही. जाताना म्हणाला, 'माझाही एक भाऊ आहे, ताई. बोलत नाही आम्ही. पण कुठे राहतो ते माहीत आहे.' इतक्या वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

बटण दाबलं. काही नाही.

१९ मार्च, बुधवार

आईला सांगितलं. जेवताना सांगायचं नव्हतं, पण पोटात राहिना.

ती ताटात बोट फिरवत बसली. मग म्हणाली, 'म्हणजे तुला गाडी चालवायची म्हणून मी माझा मुलगा मेला असं लिहून देऊ?'

'तसं नाही गं.'

'तसंच आहे. कागदावर दुसरं काय लिहिणार आहेत ते?'

मग मीही बोलले. बोलू नये ते बोलले. की तो कुठेतरी मजेत असेल, आणि त्याच्यासाठी आपण दोघी इथे जिवाला घोर लावून बसलो आहोत. की आधी बाबांचं आजारपण, मग गेली चार वर्षं लॅब, दवाखाने, तुझे गुडघे, सगळं मी ओढते आणि तू वाट त्याची बघतेस! समोर दिसते मी, आणि तू बघतेस दाराकडे.

आई उठून आत गेली. ताटं मी घासली. एक ताट तीनदा घासलं.

२० मार्च, गुरुवार

ठरवलं — गाडी नकोच. गेली तर गेली. नोंदणी संपायला अजून अवकाश आहे, पण सवय केलेली बरी म्हणून आज डबे दोन पिशव्यांत भरून बसने गेले.

हात दाखवून अवलक्षण! पहिल्या वळणालाच एक पिशवी कलंडली. शेजारच्या बाईच्या पायाशी अर्धा जबडा. तिने पाय वर घेतले. 'हे काय आहे?' म्हटलं, दात. 'कुणाचे?' म्हटलं, एका निवृत्त मास्तरांचे. ती पुढच्या थांब्यावर उतरली, तिचा थांबा नसावाच. मास्तरांची कवळी तुटली. तिसऱ्या दवाखान्यात पोचले तोवर डॉक्टरांनी दार लावून घेतलं होतं. फोन केला तर म्हणाले, 'तुमचे बाबा कधी उशीर करायचे नाहीत.'

संध्याकाळी गाडीत जाऊन बसले. नुसतीच. इंजिनसुद्धा लावलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आई बोलत नाही. चहा मात्र वेळेवर ठेवते, कपावर बशी झाकून.

बटण दाबलं. गाडीसाठी नाही दाबत आता. त्याच्या फोनवर माझं नाव जावं म्हणून दाबते. दार ठोठावायचं तेवढं एकच उरलंय.

२२ मार्च, शनिवार

आई लॅबमध्ये आली. ती कधी येत नाही. जिन्याचा त्रास होतो तिला. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली, धाप जाईपर्यंत पदराने वारा घेत राहिली. मी तुटलेली कवळी जोडत होते. ती म्हणाली, 'तुझे बाबा असेच बसायचे. खांदा एका बाजूला पडलेला. तुझाही पडायला लागलाय.'

मग म्हणाली, 'आण तो कागद.'

मी खण उघडेना. तिने स्वतः उघडला. चष्मा लावून सगळं वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. त्या वाक्यावर बोट थांबलं.

'हे असं नको. मृत नको लिहायला. "खबर नाही" असं लिहायला सांग. खबर नाही हे खरं आहे. त्यावर मी सही करीन.'

'आई, नाही केलीस तरी चालेल. मी काहीतरी बघेन.'

'बसने?' तिने विचारलं. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. 'वाट बघायची ती मी बघीन. त्याला सही आड येत नाही. पण तू माझी मुलगी आहेस, आणि तू समोर आहेस. त्या दिवशी बोललीस ते बरोबर बोललीस. जरा जास्त बोललीस, पण बरोबर.'

प्लास्टरच्या हातांनीच तिचे हात धरले. दोघींचे हात पांढरे झाले. खूप रडले, इतकं बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते.

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, शब्द थोडे बदलता येतील, पण अर्थ तोच राहील. सोमवारी अकराला बोलावलंय.

२३ मार्च, रविवार

आईने आजही दादाचा नंबर लावला. बाई म्हणाली, बंद आहे. आई म्हणाली, 'बरं.' जणू त्या बाईलाच उत्तर देत होती.

मी दिवसभर गाडी धुतली. आधीच स्वच्छ होती. काच पुसली, सीटच्या फटींतलं प्लास्टर टोकरून काढलं, पुन्हा काच पुसली. उद्या सही झाली की ही हळूहळू माझी होणार. मला ती हवी होती. आता हवी आहे की नाही, कळत नाही. बसून राहवत नाही, उभं राहवत नाही.

संध्याकाळी एकदा बटण दाबलं. शेवटचं, असं स्वतःला बजावून दाबलं.

२४ मार्च, सोमवार

निघायच्या तयारीत होतो. आई नव्या चष्म्याची पेटी शोधत होती. चपला घालता घालता, कालचं बजावणं विसरून, मी पुन्हा एकदा दाबलं होतं. फोन वाजला — मेसेज. दादाच्या नंबरवरून. सहा आकडे. बाकी एक अक्षर नाही.

मी ते आकडे कुठे टाकले नाहीत. आईला हाक मारली. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि नंबर लावला. आता खिडकीशी उभी आहे, फोन कानाला घट्ट धरून. मला उभं राहवेना म्हणून मी हे लिहिते आहे. बाई बोलली नाही. रिंग जातेय.